आधी ट्रकचं दार उघडा, हिच नंतर

डॅलसजवळ राहणाऱ्या माझ्या मावसभावानं फोन करून विचारलं, "दादा, सोळा हजारवाली हिच घेऊ की वीस हजारवाली?" (हिच म्हणजे ट्रेलर ट्रकला जोडायचा सांधा, आणि हजार म्हणजे ती पेलते तेवढे पौंड.) मी म्हटलं, ट्रकचं ड्रायव्हरकडचं दार उघड, खांबावर पिवळी पट्टी असलेला स्टिकर आहे त्याचा फोटो पाठव. तो हसला. हिच बसणार ट्रकच्या पाठीवर, दाराचा काय संबंध?

संबंध सगळा तिथंच आहे. अमेरिकेत निवृत्तीच्या आसपास पोचलेली आपली बरीच मंडळी आता आरव्हीकडं, म्हणजे चाकांवरच्या घराकडं, वळतायत. त्यातली काही मोटरहोम (स्वतःच्या इंजिनावर चालणारं घर) सोडून 'फिफ्थ व्हील' घेतात, म्हणजे ज्याचा पुढचा भाग पिकअपच्या हौद्यावर चढून बसतो तो मोठा ट्रेलर. ट्रेलर निवडायला सहा महिने घालवतात आणि हिच मात्र दुकानदार सांगेल ती बसवतात. म्हणून ही तुलना. मी स्वतः दोन प्रकारच्या हिच वापरल्यात आणि एकदा फजितीही करून घेतलीय, ती पुढं येईलच.

नावाचं कोडं आधी सोडवतो. घोडागाडीच्या पुढच्या आसावर एक आडवं लोखंडी कडं असायचं, त्याच्यावर गाडीचं तोंड वळायचं. चार चाकं जमिनीवर, हे पाचवं आडवं. ट्रेलरच्या पुढच्या टोकाला खाली लोंबणारी 2 इंच व्यासाची पोलादी खुंटी म्हणजे किंगपिन, आणि ट्रकमधल्या हिचचे जबडे तिला धरतात. एवढंच यंत्र आहे.

उलाळ गाडी आणि स्टिकर

आमच्याकडं वाळवा तालुक्यात कारखान्याला ऊस नेणाऱ्या बैलगाड्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना मी पुढं काय सांगणार ते आधीच माहीत आहे. मागं जास्त भरली की गाडी उलाळ होते, बैल जोखडासकट वर उचलले जातात. पुढं जास्त भरली की सगळा भार बैलांच्या मानेवर. जाणता गाडीवान मोळ्या मागंपुढं करून तोल साधायचा. ट्रेलरचंही तसंच आहे. साध्या, ट्रकच्या मागच्या बॉलला (पोलादी गोळ्याला) जोडायच्या ट्रेलरचा 10 ते 15 टक्के भार जोडावर येतो. फिफ्थ व्हीलचा 15 ते 25 टक्के, आणि घरासारखा भरला की बहुधा 20 च्या वरच. हा 'पिन वेट' थेट ट्रकच्या मागच्या आसावर बसतो.

आता भावाचा हिशेब. ट्रेलरची कमाल वजनमर्यादा 12,000 पौंड. त्याचे 22 टक्के धरले तर 2,640 पौंड. हिच स्वतः 200 पौंडांच्या आसपास. नवरा-बायको मिळून 330. मुलगा, जनरेटर, अवजारांची पेटी, पाण्याचे पाइप वगैरे धरून 400. बेरीज 3,570 पौंड. त्याच्या डिझेल 2500 ट्रकच्या (पिकअपचे 1500, 2500, 3500 असे चढते वर्ग असतात) दारातल्या स्टिकरवर लिहिलेलं होतं : माणसं आणि सामान मिळून 2,350 पौंडांच्या वर जाऊ नये. म्हणजे हिच आणि माणसं सोडाच, एकटा पिन वेटच मर्यादेबाहेर.

त्याला धक्का बसला, कारण जाहिरातीत तोच ट्रक याहून कितीतरी जड ट्रेलर ओढतो असं लिहिलेलं. ओढतोही. ओढण्याची ताकद आणि पाठीवर वाहण्याची ताकद या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि फिफ्थ व्हीलमध्ये दुसरी आधी संपते. डिझेल इंजिन जड असतं, त्यामुळं वजनमर्यादा 10,000 पौंडांच्या आसपास ठेवलेल्या 2500 वर्गातल्या गाड्यांत डिझेलवाल्या ट्रकच्या वाट्याला पेट्रोलवाल्यापेक्षा कमी सामान येतं. ज्याला आपण जास्त दणकट समजतो त्याची पाठच कच्ची निघते. 3500 वर्गात तेच इंजिन असूनही स्टिकरवरचा आकडा बराच वाढतो, कारण स्प्रिंग, आस आणि टायर यांची मर्यादाच मोठी असते.

दुकानात तुम्हाला ट्रेलरच्या माहितीपत्रकातला 'ड्राय' पिन वेट दाखवतील. तो आकडा पाण्याची टाकी रिकामी, कपाटं रिकामी अशा ट्रेलरचा असतो. एक गॅलन पाणी 8.3 पौंड. गॅसच्या टाक्या, बॅटऱ्या आणि झोपायच्या खोलीतलं कपड्यांचं कपाट बहुतेक वेळा पुढंच असतं, म्हणजे ते वजन पिनवर येतं. ट्रेलर आधीच घेतला असेल तर अंदाज बांधत बसू नका. महामार्गावरच्या मोठ्या ट्रक-थांब्यांवर कॅट स्केलचा वजनकाटा असतो. भरलेला ट्रेलर जोडून एकदा, मग सोडून एकट्या ट्रकचं एकदा वजन करा. ट्रकच्या आसांवर जो फरक पडला तो तुमचा खरा पिन वेट.

म्हणून भावाच्या प्रश्नाला सरळ उत्तर असं : 12,000 पौंडांच्या ट्रेलरला 16,000 ची हिच पुरते. 20,000 ची घेतली तर हिचमध्ये थोडं जास्त पोलाद आलं, ट्रक होता तिथंच राहिला. साखळीची सगळ्यात कच्ची कडी हिच नसतेच. फक्त हिच एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेच्या जे2638 या मानकावर तपासलेली आहे असं उत्पादकानं लिहिलंय का, ते बघा. ट्रकच्या ओढण्याच्या आकड्याचं मानक वेगळं, जे2807. दुकानदार कधी कधी दोन्हीची खिचडी करतात.

हौदा किती लांब?

दुसरा प्रश्न फूटपट्टीचा. पिकअपचे हौदे साधारण 8 फूट, साडेसहा फूट आणि साडेपाच फूट लांबीचे. ट्रेलर 8 किंवा साडेआठ फूट रुंद, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत 48 ते 51 इंच. ट्रक काटकोनात वळला की ट्रेलरची कड केबिनच्या मागच्या काचेसमोर येते. किंगपिन मागच्या आसाच्या बरोब्बर वर किंवा जरासा पुढं हवा, मागं गेला की उलाळ. तेव्हा त्या जागेपासून केबिनपर्यंत किती इंच आहेत ते स्वतः मोजा. आठ फुटी हौद्यात सहसा पुरेशी जागा मिळते. साडेसहा फुटीत चाळीसेक इंच भरली तर बघा कसं गणित फसतं ते.

यावर तीन उपाय आहेत. एक, हातानं मागं सरकवायची हिच. दोन, आपोआप सरकणारी. तीन, ज्याचं पुढचं तोंड कोपऱ्यात कापलेलं आहे असा ट्रेलर आणि जपून वळणारा ड्रायव्हर.

हातानं सरकवायच्या हिचमध्ये अरुंद जागी ट्रेलर मागं घेण्याआधी खाली उतरायचं, ट्रेलरची चाकं ठोकळे लावून अडवायची, खटका ओढायचा, ट्रक पुढं घ्यायचा. मग हिच फूटभर मागं सरकते. परत निघताना पुन्हा उलटं. कागदावर सोपं आहे. संध्याकाळी सात वाजता, पावसात, मागं तीन गाड्या हॉर्न वाजवत असताना माणूस म्हणतो, 'जाऊ दे, बसेल.' काच फुटते ती या 'जाऊ दे' मुळं.

पुलराइटच्या सुपरग्लाइडसारखी आपोआप सरकणारी हिच हा प्रश्न मुळातूनच सोडवते. ट्रेलरच्या किंगपिनभोवती एक पत्रा कायमचा बसवतात, तो हिचच्या डोक्याला घट्ट धरतो. ट्रेलर वळला की डोकं त्याच्याबरोबर वळतं आणि त्याच जोरावर हिच मागं सरकते. उतरायचं नाही, आठवण ठेवायची नाही. मोल दोन ठिकाणी द्यावं लागतं : किंमत साध्या हिचच्या काही पट, आणि यंत्र जड. हे जडपण त्याच स्टिकरमधून वजा होणार, हे विसरू नका. तरीही साडेपाच फुटी हौदा असेल आणि ट्रेलर विकत घेऊन बसला असाल तर माझं मत याच्याच बाजूनं. एका केबिनची काच, चेपलेला पत्रा आणि ट्रेलरचा फुटलेला कोपरा धरला तर किमतीतला फरक तसा राहत नाही.

(साडेपाच फुटी हौद्याचे ट्रक बहुधा 1500 वर्गातले असतात, आणि त्यांच्या स्टिकरवर बऱ्याचदा 2,000 पौंडही नसतात. तेव्हा खरा सल्ला फिफ्थ व्हील न घेण्याचाच आहे. पण तो कोणी ऐकत नाही.)

बूड कशावर बसवायचं

जुनी आणि स्वस्त पद्धत म्हणजे रेल. हौद्याच्या तळाला भोकं पाडून, खालून चॅसीला ब्रॅकेट जोडून दोन आडव्या पट्ट्या पक्क्या करायच्या आणि त्यांत हिचचे पाय अडकवायचे. अनेक कंपन्यांच्या हिच या पट्ट्यांवर चालतात, त्यामुळं पुढं हिच बदलता येते. तोटा असा की हिच काढली तरी पट्ट्या राहतात. प्लायवूड ठेवा, फ्रिज ठेवा, सगळं त्यांना अडखळतं. शिवाय भोकं पाडण्यापूर्वी खाली डिझेलची नळी, ब्रेकची नळी, वायरी कुठून गेल्यात हे बघावं लागतं. फोर्डच्या सुपर ड्यूटी ट्रकचा हौदा 2017 पासून ॲल्युमिनियमचा आहे; त्यावर पोलाद नीट अंतर न ठेवता चिकटवलं की गंजाची वेगळीच कटकट सुरू होते. हे काम मी तरी अंगणात करणार नाही.

ट्रक नवा घेत असाल तर रेलचा विचारच करू नका, कारखान्यातूनच फिफ्थ व्हीलची तयारी मागून घ्या. फोर्ड, जीएम आणि रॅम तिघंही ती देतात. हौद्याच्या तळात चार गोल खाचा आणि मध्ये गूजनेकच्या, म्हणजे हंसासारखी मान वाकवून हौद्यात टेकणाऱ्या ट्रेलरच्या, बॉलचं भोक. हिचचे चार पाय खाचांत टाकायचे, फिरवायचे, आवळायचे. काढली की हौदा सपाट, खाचांना झाकणं. चॅसीचं जोडकाम ट्रक बनवणाऱ्यानंच केलंय, यात माझ्या दृष्टीनं अर्धी सुरक्षितता आली. एक लक्षात ठेवा : तिन्ही कंपन्यांच्या खाचांची मांडणी सारखी नाही, त्यामुळं फोर्डवरची हिच रॅमवर जशीच्या तशी बसणार नाही.

आणि तिसरा मार्ग मधल्या भोकाचा. शेतकरी आणि घोडेवाले गूजनेक ट्रेलर ओढतात, त्यांच्यासाठी हौद्याच्या मध्यात बॉल असतो. बी अँड डब्ल्यू कंपनीचा टर्नओव्हर बॉल उलटा करून लपवता येतो. त्याच भोकात त्यांच्या कंपॅनियन हिचचा दांडा उतरवून खालच्या कडीत अडकवायचा आणि वरून नट आवळायचा. एका आठवड्यात ट्रेलर आणि दुसऱ्या आठवड्यात माती-वाळू वाहणाऱ्याला हे उत्तम, कारण एक भोक सोडून हौदा मोकळा. हिच दोन तुकड्यांत निघते, तरी एकेक तुकडा दोन माणसांनी उचलावा असाच. हौद्यातली रबरी चटई मात्र हिचच्या पायांखालून काढायची. ती दबत राहते आणि आवळलेला नट ढिला पडतो. मी सध्या हीच वापरतो, त्यामुळं माझ्या मतात थोडी आपुलकी मिसळली असेल, ती वजा करून वाचा.

जबडा की बॉल

इथं लोक हिरीरीनं भांडतात. अँडरसनची अल्टिमेट हिच वेगळ्याच वाटेनं जाते. ट्रकमध्ये ॲल्युमिनियमची चौकट आणि तिच्यावर बॉल, ट्रेलरच्या किंगपिनवर एक नळकांडं कायमचं आवळून बसवलेलं. ते बॉलवर उतरतं. ॲल्युमिनियमची चौकट 35 पौंडांच्या आसपास, म्हणजे एकट्या माणसानं सहज उचलावी. ज्यांची कंबर साठीला आली आहे त्यांना या आकड्याचं मोल कळेल. बॉल असल्यामुळं ट्रेलर सगळ्या दिशांनी झुकतो, उंचसखल जागी जोडणं सोपं, आणि ब्रेक मारताना जबडेवाल्या हिचमध्ये जो ठणठण धक्का बसतो तो जवळपास जातो.

मग सगळ्यांनी तीच का घेऊ नये? नळकांडं किंगपिनवर बोल्टच्या दाबानं टिकलेलं असतं, ते बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आहेत का हे मधून मधून तपासावं लागतं. सोडताना ट्रेलर बॉलच्या वर पूर्ण उचलावा लागतो. साध्या हिचमध्ये जबडा उघडला की ट्रक सरळ पुढं निघतो. आणि मोठा मुद्दा ट्रेलरच्या वॉरंटीचा. किंगपिनला खाली लांब दांडा जोडून तो हौद्यातल्या बॉलपर्यंत नेणारे अडॅप्टर तरफेसारखं काम करतात, ट्रेलरच्या पुढच्या चौकटीवर मूळ आराखड्यात नसलेला पीळ टाकतात. बहुतेक चौकट-उत्पादक त्यावर वॉरंटी नाकारतात. अँडरसनची रचना तशी लांब दांड्याची नाही, रीसचा गूज बॉक्स तर ट्रेलरचा पूर्ण पिन बॉक्सच (किंगपिन ज्याला लागलेला असतो तो पुढचा भाग) बदलतो, त्यामुळं सगळ्यांना एकाच मापानं मोजणं बरोबर नाही. तुमच्या ट्रेलरच्या उत्पादकाला ईमेल करा, हिचचं नाव लिहा आणि लेखी उत्तर घ्या. फोनवरचं 'चालतंय' चौकट तडकल्यावर चालत नाही.

माझा कौल : 10-12 हजार पौंडांपर्यंतचा ट्रेलर, वरचेवर काढघाल आणि उत्पादकाचं लेखी होकारपत्र, या तिन्ही गोष्टी असतील तर बॉल. त्याच्या वर जबडा. आणि हिच हलकी आहे म्हणून स्टिकरच्या हिशेबात कसंबसं बसत असेल, 150-200 पौंडांवर पास-नापास ठरत असेल, तर हिच नाही, ट्रक चुकलाय.

जबड्यातही फरक आहे. एकाच बाजूनं आडणा सरकणारी हिच स्वस्त मिळते, ती किंगपिन धरते पण थोडी खेळती राहते. दोन्ही बाजूंनी मिटून किंगपिनला पूर्ण वेढा घालणारे जबडे घ्या. धक्के कमी, झीज कमी. डोकं पुढं-मागं आणि डावीकडं-उजवीकडं, चारही बाजूंनी झुकणारं असावं. कॅम्पग्राउंडची जमीन कुठंच सपाट नसते.

फजिती

दुसऱ्याच सहलीत, घाईत, मी ट्रेलर जोडला. खटका मिटल्यासारखा वाटला. ट्रेलरचे टेकूचे पाय वर घेतले, ट्रक सुरू केला आणि चार फुटांवर धाड्कन आवाज. ट्रेलरचं नाक हौद्याच्या दोन्ही कठड्यांवर बसलेलं. याला इंग्रजीत 'हाय हुक' म्हणतात : ट्रेलर जरा जास्त उंच राहिला, किंगपिन जबड्यांच्या वर टेकला, जबडे त्याच्या खाली रिकामेच मिटले. बाहेरून सगळं बरोबर दिसतं.

म्हणून हिच घेताना माझी पहिली परीक्षा आता ही असते : जबडे मिटलेत की नाही हे मला उभ्यानं, टॉर्च न लावता, स्पष्ट दिसतं का? काही हिचवर रंगीत खूण असते, काहींवर दांडा ठरलेल्या जागी गेल्याशिवाय सुरक्षेची पिन भोकात जातच नाही. दुसरी गोष्ट जास्त चांगली. रंग धुळीनं मळतो.

आता माझी पद्धत अशी. मागं येण्याआधी ट्रेलरच्या किंगपिनभोवतीचा पत्रा हिचच्या डोक्यापेक्षा अर्धा इंच खाली ठेवायचा, म्हणजे ट्रक आत शिरताना ट्रेलरला किंचित उचलतो. मग वाकून बघायचं : दोन पत्र्यांमध्ये उजेड दिसता कामा नये. पिन घालायची, कुलूप लावायचं, कारण थांब्यावर कोणी गंमत म्हणून खटका ओढलेला नको. ट्रेलरचे पाय जमिनीपासून अगदी थोडे वर, चाकांना ठोकळे, केबिनमधल्या ब्रेक कंट्रोलरनं ट्रेलरचे ब्रेक हातानं दाबून ट्रक हळूच पुढं ओढून बघायचा. सुटायचं असेल तर इथं सुटू दे, पायांवर पडेल. त्यानंतरच पाय पूर्ण वर. आणि सुटलेल्या ट्रेलरचे ब्रेक लावणारी तार हिचला अडकवायची नाही, ट्रकच्या हौद्याला अडकवायची. हिचच उखडली तर तार तिच्याबरोबर जाईल आणि ब्रेक लागणारच नाहीत. कितीतरी अनुभवी लोक हे चुकवतात.

पत्र्यांमध्ये ग्रीसऐवजी प्लास्टिकची चकती घालतात. हात स्वच्छ राहतात हे खरं, पण जाड चकती घेतली तर किंगपिन तेवढा वर राहतो आणि जबडे अर्धवट मिटतात. हिच बनवणाऱ्यानं सांगितलेल्या जाडीचीच घ्या.

जुनी हिच

जुनी घ्यायला हरकत नाही. जबड्यांची झीज, वेल्डिंगच्या कडेला केसासारखी चीर, वाकलेला दांडा एवढं बघा. बोल्ट मात्र नवे, आणि ब्रॅकेट तुमच्या ट्रकच्या मॉडेल-वर्षाचेच. एनएचटीएसए या वाहन-सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर गाड्यांसारखेच हिचचेही रिकॉल शोधता येतात, पाच मिनिटांचं काम आहे.

कॅलिफोर्नियात असाल तर आणखी एक : 10,000 पौंडांवरच्या फिफ्थ व्हीलला साध्या परवान्यावर वेगळी नोंद लागते आणि 15,000 च्या वर बिगर-व्यावसायिक 'क्लास ए' परवाना. बाकी राज्यांचे नियम वेगळे. आपापल्या डीएमव्हीत, म्हणजे परवाने देणाऱ्या कचेरीत, विचारा.

भावानं शेवटी हिच घेतलीच नाही अजून. ट्रेलरचा सौदा पक्का व्हायचा होता, तो थांबवून तो आता 9,000 पौंडांच्या आतले, मागच्या बॉलला जोडायचे ट्रेलर बघतोय. बायको फिफ्थ व्हीलमधल्या उंच झोपायच्या खोलीवरून अजून रुसलेली आहे. 3500 चा ट्रक घेऊ या, असं ती म्हणते. स्टिकरचा फोटो तिलाही पाठवायला सांगितलाय.